तिसरा आकडा

मित्रानं घर विकलं तेव्हा त्या घराची किंमत मी सांगितली होती, आणि ती मी कमी सांगितली. हिशेब चुकला असं नाही. बरोबर किंमत मला माहीत होती. एवढं लिहायला मला दोन वर्षं लागली, म्हणून तेच आधी लिहून टाकतो. नाहीतर पुढे लिहिता लिहिता मी पुन्हा कुठेतरी आडोसा शोधीन. तशी मला सवय आहे.

तो विम्यात, मी बँकेत. दोघंही सांगलीकडचे आणि एकाच उन्हाळ्यात बदली होऊन जयपूरला आलेले. ओळख झाली ती दुधाच्या दुकानात. समोरचा माणूस दुकानदाराला ‘एक लीटर होना’ म्हणाला, आणि हा आपल्याच बाजूचा हे मला पाठमोरंच कळलं. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. पण पहिल्याच दिवशी अरे-तुरेवर आलो. त्याची बायको माझी वहिनी झाली, माझी बायको त्याची वहिनी झाली.

बदलीवर आलेल्या आमच्यासारख्या माणसांचा एक समज असतो. आपण इथे तीन वर्षांसाठी आहोत. मग परत जायचंच आहे. तीन वर्षांसाठी कोण भिंतीला खिळे मारतो? आमच्या माळ्यावर खोकी होती, त्यांवर ‘देवघर’, ‘पितळी भांडी’, ‘जाड स्वेटर’ असं लिहिलेलं. त्यातली दोन मी आजतागायत उघडलेली नाहीत. मध्ये कोट्याला बदली झाली, अजमेरला झाली, आणि दोन्ही वेळा फिरून जयपूरच. तीसएक वर्षांत सात घरं झाली, सगळी भाड्याची. प्रत्येक घरात खिडक्यांची उंची वेगळी, म्हणून बायको दर वेळी पडद्यांची खालची दुमड उसवायची किंवा वाढवायची. आमच्या पडद्यांवर जुन्या दुमडींच्या फिक्या रेघा आहेत. त्या मोजल्या तर घरं मोजता येतात.

प्रताप नगरमधलं ते घर आधी मला सांगून आलं होतं. हे महत्त्वाचं आहे. लष्करातले एक मराठी सुभेदार निवृत्त होऊन गावी निघाले होते. हाउसिंग बोर्डाचं घर, दीडशे गजांवरचं, म्हणजे साडेतेराशे चौरस फुटांच्या प्लॉटवरचं, खाली दोन खोल्या, वर मोकळी गच्ची. त्यांना आपल्या माणसाला द्यायचं होतं. मी बघायला गेलो, सोबत म्हणून मित्राला घेतलं. माझ्या हातात वही होती. बोअरचं पाणी खारं, हे मी लिहिलं. पश्चिमेचं तोंड, दुपारी भिंती तापणार. शिवाय समोरचा रस्ता सरळ येऊन दारावरच संपत होता. इकडे त्याला टी-पॉइंट म्हणतात, आणि असं घर घ्यायला लोक बिचकतात; रस्ता दारावर चालून येतो, लक्ष्मी ठरत नाही, वगैरे. माझा त्यावर विश्वास नव्हता, पण वहीत लिहायला ते बरं दिसलं. विमानतळ जवळ, म्हणून डोक्यावरून विमानं जायची, इतकी खालून की बोलणं थांबवावं लागे. तेही लिहिलं.

परतताना स्कूटरवर मागे बसलेला मित्र म्हणाला, “तुझं नक्की नाही ना? नसेल तर मी विचारू का त्यांना?”

“विचार की,” मी म्हणालो. “जूनमध्ये पापड वाळवायला बरं पडेल. बाहेर नाही, आतच.”

तो हसला. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा फोन करून विचारलं, “खरंच घेऊ ना?” म्हणजे तक्रारीला त्यानं जागाच ठेवली नाही. नीट विचारून, माझी परवानगी घेऊन, त्यानं ते घर घेतलं.

मग ते घर वाढत गेलं आणि मी बघत गेलो. आधी खारं पाणी गेलं, नळाला गोडं आलं. मग वर दोन खोल्या चढल्या. पश्चिमेच्या व्हरांड्याला त्यानं दगडाची जाळी बसवली, आणि ज्या उन्हाची मी चेष्टा केली होती ते दुपारी चारला फरशीवर चांदण्या चांदण्या होऊन पडायला लागलं. दारातल्या कडुनिंबानं समोरचा रस्ता झाकला. गणपतीला सगळी मराठी घरं त्याच्याकडे जमत, कारण हॉल तेवढा मोठा त्याच्याचकडे. आरतीच्या मध्येच विमान आलं की सगळे एका कडव्याच्या तोंडाशी थांबायचे, टाळ हातात तसेच धरून, आणि आवाज गेला की बरोबर त्याच शब्दापासून उचलायचे. त्याच्या मुलीला तर लहानपणापासून ती लयच होती. बोलता बोलता थांबायची, छताकडे बोट करायची, मग पुढे चालू.

मी टाळ्या वाजवत असे आणि मनात गजाचा भाव काढत असे. मागच्या गणपतीला एवढा होता, आता एवढा झाला. घरी येताना बायको म्हणायची, “वहिनींनी मोदक छान केले होते.” मी म्हणायचो, “वरच्या जिन्याच्या पायऱ्या उंच घेतल्यात. म्हातारपणी कळेल.” ती पुढे चालू लागायची. आमचा मुलगा मोठा झाला, बंगळुरूला गेला. आपण पहिलं पाऊल कुठल्या घरात टाकलं हे त्याला सांगता येत नाही. आम्हालाही नीट आठवत नाही. मित्राची मुलगी मात्र दाखवू शकायची: या खांबापासून त्या खांबापर्यंत.

आणि गंमत अशी की सगळ्या मराठी मंडळींत घरांच्या किमतीतला जाणकार मी. गृहकर्जाच्या खात्यात माझी निम्मी नोकरी गेली. घर तारण ठेवायचं तर बँक मूल्यांकन करणाऱ्या इंजिनिअरला पाठवते. तो मोजमाप घेतो, आसपास काय भाव चाललाय ते विचारतो आणि अहवालाच्या शेवटी तीन आकडे लिहितो. पहिला, बाजारात रीतसर विकलं तर येईल तो. दुसरा, जरा लवकर विकायचं असेल तर हातात पडेल तो. तिसरा, नाइलाजाचा, कर्ज बुडलं, बँकेनं घर ताब्यात घेतलं आणि येईल त्या भावाला फुंकून टाकलं तर जे मिळेल ते. तिसरा आकडा कुणाच्याही घराची किंमत नसते. बँकेला वाटणाऱ्या भीतीचा तो आकडा असतो. असे अहवाल मी वर्षानुवर्षं तपासले. चौमूंकडच्या प्लॉटपासून शहरातल्या बंगल्यांपर्यंत सगळ्यांचे तिन्ही आकडे मला तोंडपाठ असायचे. स्वतःचं घर नव्हतं, एवढंच.

मित्राची मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली होती. तीन वर्षांपूर्वी तिचं मोडलं. पदरात छोटी मुलगी, शाळेत नोकरी, राहायला दुसऱ्या दोघींबरोबर वाटून घेतलेली खोली. मित्रानं मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि ठरवलं की जयपूरचं विकायचं, पुण्यात दोन बेडरूमचा फ्लॅट घ्यायचा, चौघांनी एकत्र राहायचं. एक खोली यांची, एक लेकीची आणि नातीची.

“आकडा तू सांग,” तो म्हणाला. “डीलरचं काय, तो आपलं कमिशन बघणार. तू सांगशील त्या भावाला मी विकेन.”

रविवारी सकाळी गेलो. बँकेच्या कामाला जाताना नेतात तशी फाइल घेऊन गेलो, उगाच. वहिनींनी पोहे केले होते, वर इथल्या पद्धतीनं बिकानेरी शेव. टेपचं एक टोक मित्रानं धरलं, दुसरं मी. एकेक भिंत मोजली. वहिनी मागे मागे येत होत्या आणि प्रत्येक खोलीबद्दल सांगत होत्या. फरशी कुठून आणली, जाळीचा कारागीर कसा रुसून गेला होता, मग त्या स्वतःच कशा त्याला समजावून घेऊन आल्या.

“हे पण लिहा बरं का भावोजी,” त्या म्हणाल्या. “रुसलेल्या कारागिराचे वेगळे पैसे.”

“त्याचा रकाना नाही आमच्याकडे,” मी म्हणालो.

मित्र हसला. सगळं अगदी नेहमीसारखं होतं. मी व्हरांड्यात बसून आकडेमोड केली. पहिला आकडा अठ्ठ्याहत्तर लाख निघाला. दुसरा सत्तर. तिसरा साठ. इथपर्यंत मी प्रामाणिक होतो, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. कागदावर तिन्ही आकडे बरोबर होते.

वहिनी चहा ठेवत म्हणाल्या, “तुमचं एक बरं झालं भावोजी. हा व्यापच नाही मागे. कुलूप लावलं की निघालात. सुटलात तुम्ही.”

त्यांच्या मनात काही नव्हतं. घर सोडायचं म्हणून त्या रात्रंदिवस आतून तुटत होत्या, आणि तुटत असलेलं माणूस जे बोलतं ते बोलल्या. पण मी समोरच्या फरशीकडे पाहिलं. ऊन अजून तिकडे वळायचं होतं. माझी जागा, असं माझ्या मनात आलं. नुसतं एवढंच. माझ्या जागेत बसून ही बाई मला सांगते आहे की मी सुटलो.

“मग, साहेब?” मित्रानं विचारलं. “किती?”

मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात विमान आलं. तिघंही थांबलो, सवयीनं. कपबशीची बशी थरथरली. त्या घरावरून विमान जाईपर्यंत सुमारे पंधरा सेकंद लागतात. मला पंधरा सेकंद मिळाले होते, आणि मी त्यांत कागदावरच्या तिन्ही आकड्यांवरून एकदा नजर फिरवली. विमान गेलं.

“साठ,” मी म्हणालो.

तो टेप गुंडाळायला लागला. “मला वाटलं होतं सत्तरच्या वर जाईल.”

“टी-पॉइंट आहे रे,” मी म्हणालो. आणि कागद घडी करून फाइलमध्ये ठेवला.

वहिनींनी मान डोलावली. त्यांना ते दार पहिल्या दिवसापासून खुपत होतं. उंबऱ्यावर दर शनिवारी त्या लिंबू ठेवायच्या.

इथेही थांबलो असतो तर काही तरी हातात राहिलं असतं. चार दिवसांनी त्याचा फोन आला. डीलरनं पंच्याहत्तर सांगितले होते. मला हायसं वाटायला हवं होतं. देवानं बाहेरून दुरुस्ती पाठवली होती म्हणायची. मी म्हणालो, “डीलर आधी फुगवूनच सांगतात. एकदा तू होकार दिलास, की गिऱ्हाईक मिळत नाही म्हणून महिना-दोन महिने ताटकळत ठेवतील आणि शेवटी पाडतील. तिकडे लेक खोळंबली आहे ना?”

लेकीचं नाव मी काढलं. ते मी लपवू शकत नाही.

महिन्याभरात त्यानं बासष्ट लाखांना बयाना घेतला. घेणारे बगरूचे, कापडावर ठसे मारणाऱ्यांपैकी. मुलांच्या क्लाससाठी शहरात घर हवं होतं. मित्रानं मला मिठाई आणून दिली. “तू म्हणालास त्यापेक्षा दोन जास्त काढले,” तो म्हणाला. खूश होता. बायकोनं मिठाई देवापुढे ठेवली. मी एक तुकडा खाल्ला. खरं सांगायचं तर मला गोड लागला. आता आमच्या दोघांत कुणाचंच घर नव्हतं, आणि त्या आठवड्यात मला वर्षानुवर्षांत लागली नव्हती अशी शांत झोप लागली.

ती शांतता पावसाळ्यापर्यंत टिकली. मग त्याच गल्लीतलं, चार घरं सोडूनचं एक घर कर्जासाठी आमच्याकडे आलं. तेवढंच, दीडशे गज, त्याला जाळी नाही की झाड नाही. मूल्यांकनाचा अहवाल माझ्या टेबलावर. पहिला आकडा ऐंशी लाख. खाली आसपासच्या व्यवहारांची यादी असते, त्यात मित्राचं घर होतं. भाव बासष्ट. त्यापुढे मूल्यांकन करणाऱ्या पोरगेल्या इंजिनिअरनं बारीक अक्षरात लिहिलं होतं: हा व्यवहार नाइलाजानं झालेला दिसतो, भाव ठरवताना धरलेला नाही.

मी त्याला बोलावून विचारलं, “हे कशावरून?”

“सर, एवढा चांगला मकान एवढ्या कमीत कोण देणार? काही तरी मजबुरी असेल,” तो हिंदी वळणाच्या मराठीत म्हणाला. त्याची आई नागपूरची. “मी पडोसमध्ये विचारलं. ते म्हणाले, साहब घाईत होते.”

मी सही केली. अहवाल बरोबरच होता.

गेल्या हिवाळ्यात प्रशिक्षणासाठी पुण्याला गेलो तेव्हा त्यांच्याकडे जाणं टाळता आलं नाही. शहराच्या कडेला, चौथा मजला. एक बेडरूम. साठ-बासष्टात पुण्यात दोन बेडरूम बसत नाहीत, हे मला त्या रविवारीही माहीत होतं. हॉलच्या एका बाजूला घडीची लोखंडी खाट, तिच्यापुढे भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी आणि दोरीवर पडदा. पडदा ओळखीचा होता. प्रताप नगरच्या मागच्या खोलीतला, खालून कापून आखूड केलेला. पडदे कसे आखूड होतात ते मला चांगलं कळतं.

मी तिकडे बघतोय हे मुलीनं पाहिलं. तिनं पडदा जरा सारला.

“काका, मतलब, दिवसा कळतपण नाही इथे कोणी झोपतं म्हणून,” ती म्हणाली. “फक्त हिला टेबल ठेवायला जागा नाही. ती खाटेवरच होमवर्क करते.”

“खाटेवर अक्षर वाकडं येतं,” नात म्हणाली.

“अक्षर तुझं आधीपासून वाकडं आहे,” वहिनी आतून म्हणाल्या. मग बाहेर येऊन मला, “बसा ना भावोजी. लहान आहे, पण दार पूर्वेचं आहे हो. समोर रस्ता नाही.”

जेवलो. मला आठवतं, आमटी वाढून घेताना मी त्या फ्लॅटचा भाव काढत होतो. आणि त्याहून वाईट म्हणजे, आजोबाच्या ताटातली भाकरी नातीनं विचारल्याशिवाय उचलली, तेव्हा पुन्हा तीच जुनी कळ उठली. एका खोलीतही याच्याकडे ते होतंच, जे माझ्याकडे सात घरांत नव्हतं.

तो मला रिक्षापर्यंत सोडायला खाली आला. पार्किंगमध्ये मी त्याला सांगितलं. उभ्या उभ्या, स्कूटरच्या रांगेजवळ. तीन आकडे सांगितले, तिसरा कोणता ते सांगितलं. डीलरचा फोन सांगितला. माफी मागितली की नाही ते मला आठवत नाही. बहुतेक मागितली नाही.

तो ऐकत होता. तिथे विमान नव्हतं, तरी तो तसाच थांबला होता, छताकडे बघत.

“म्हणजे किती?” शेवटी त्यानं विचारलं.

“सोळा. निदान तेरा.”

“एक खोली,” तो म्हणाला.

मी म्हणालो की घरासाठी म्हणून मी जन्मभर बाजूला टाकलेलं आहे, ते तसंच पडून आहे. तेवढे मी देतो. आणखी एखादी खोली असलेलं बघा.

“का केलंस रे?” त्यानं विचारलं. रागानं नाही. त्याला खरंच समजलं नव्हतं, आणि त्याचंच मला सगळ्यात जास्त लागलं. इतक्या वर्षांत माझा मत्सर त्याला एकदाही दिसला नव्हता. तो मला फक्त मित्र समजत होता.

“ते घर मला हवं होतं,” मी म्हणालो.

“मी तुला दोनदा विचारलं होतं.”

“हो.”

रिक्षावाल्यानं मीटर टाकलेला होता. मित्रानं त्याला हातानं थांब म्हटलं. “हिला बोलू नकोस,” तो म्हणाला. “तिला वाटतं, रस्त्यामुळे भाव पडला. ते तिला पुरतं. लिंबं ठेवून ठेवून थकली होती, आता सुटल्यासारखं वाटतं तिला.” मग रिक्षाकडे बघत, “आणि पैसे नकोत. पैसे घेतले की तू पण सुटशील.”

तो जिन्याकडे वळला. लिफ्ट होती, पण तो जिन्यानं गेला.

जयपूरला परतल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. ती शिवणयंत्रापाशी होती. आमच्या घरमालकानंही घर विकायला काढलं आहे, भाव चांगला आलाय, आम्हाला उन्हाळ्याआधी निघायचं आहे. पडदे तिच्या मांडीवर होते. ती शेवटपर्यंत मान खाली घालून ऐकत राहिली.

“मलाही ते घर हवं होतं,” ती म्हणाली. “तुम्ही नाही म्हणालात तेव्हा मी आठ दिवस रडले होते, न्हाणीघरात. तुम्हाला माहीत नाही. आणि वास्तुशांतीला वहिनींच्या घरी जाऊन सगळ्यांच्या पुरणपोळ्या मी लाटल्या.”

मी खाली लोंबणारं पडद्याचं टोक उचलून तिच्या मांडीवर ठेवलं.

“त्यांनी पैसे घेतले नाहीत?”

“नाही.”

“मग त्यांच्या मुलीला पाठवा,” ती म्हणाली. “पोरीला टेबल ठेवायला जागा होईल एवढे. तुमचं नाव न सांगता जमत असेल तर बघा. नसेल जमत तर नाव सांगून, शिव्या खाऊन पाठवा.”

अजून पाठवलेले नाहीत. मुलीला पत्र लिहायला बसलो की पहिल्याच ओळीत ‘का’ ते सांगावं लागतं, म्हणून आधी हे लिहिलं. हे तिलाच पाठवायचं आहे. ती मराठी हिंदीच्या सवयीनं, हळूहळू वाचते. लागेल तेवढा वेळ लागू दे. तिनं ठरवायचं आहे, घ्यायचे की नाही. तिच्या आईला वाचून दाखवायचं की नाही, तेही तिनंच.

बायकोनं कात्री घेऊन दुमड उसवायला सुरुवात केली आहे. नवीन घराच्या खिडक्या मोठ्या आहेत म्हणे. तेही भाड्याचंच.